पाहिजे: एक गंभीर संगीतकार

विनोदी कादंबरीवर सिनेमा निघतोय अशी बातमी आली, की त्या कादंबरीच्या चाहत्यांना आनंद होत नाही, काळजी लागते. त्यातून कादंबरीत राजकन्या, राक्षस, जादूगार, माणसाएवढे उंदीर अशी मंडळी असतील तर विचारूच नका. नायक कोण होणार, राक्षस किती उंच असणार, तलवारी खऱ्या की कॉम्प्युटरच्या, यावर रात्री जागवल्या जातात. सगळं बोलून झालं, आता लोक उठणार असं वाटायला लागलं, की कोपऱ्यातला एकजण हळूच विचारतो, "पण संगीत कोणाचं?" मग पुन्हा चहा टाकावा लागतो.

कॅमेऱ्याबद्दल बोलायचं तर लेन्स कशाशी खातात हे निदान ठाऊक असावं लागतं. संगीताला कान पुरतात, आणि ते सगळ्यांना दोन-दोन मिळालेले असल्यामुळे मतंही माणशी दोन असतात. पहिला गट जॉन विल्यम्सवाल्यांचा. सिनेमा कुठलाही असो, यांच्या डोक्यात तुताऱ्या वाजतच असतात. नायक नुसता दूध आणायला निघाला तरी मागे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा हवा. दुसरा गट हान्स झिमरवाल्यांचा. बसल्या जागी खुर्ची हादरली नाही तर तिकिटाचे पैसे वाया गेले, अशी त्यांची श्रद्धा. तिसरा गट अभ्यासू. गोष्ट विचित्र आहे ना, त्यात सांगाडे आहेत ना, मग डॅनी एल्फमन, विषय संपला. चौथ्या गटात एकच माणूस असतो. तो आइसलँडमधल्या अशा कोणाचं तरी नाव घेतो जे बाकीच्यांनी कधी ऐकलेलं नसतं. चुकून कोणी "हो, ऐकलंय की!" म्हणालं तर तो नाराज होतो आणि नाव बदलतो.

निर्मात्याला यातलं कोणीच नको असतं. सिनेमाच्या धंद्यात संगीतकार आठवतो तो बहुतेक वेळा शेवटी. शूटिंग आटोपलेलं, एडिटिंग होत आलेलं, तारीख जाहीर झालेली आणि पैसे राक्षसाच्या रबरी मुखवट्यात संपलेले. शिवाय तोवर काम अडू नये म्हणून एडिटरनं दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचं संगीत तात्पुरतं चिकटवलेलं असतं. त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. दिग्दर्शक ते महिनोन्‌महिने ऐकतो आणि त्याच्या प्रेमात पडतो. मग खरा संगीतकार आला की त्याला सांगतो, "अगदी अस्संच हवंय, फक्त वेगळं." स्टॅन्ली कुब्रिकनं '2001: अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थकडून संगीत लिहून घेतलं आणि 1968 साली सिनेमा लागला तेव्हा पडद्यामागून ऐकू आलं ते दुसऱ्यांचंच, आधीपासून तयार असलेलं. आपलं संगीत गाळल्याचं नॉर्थला सिनेमा बघताना कळलं. सिनेमा विनोदी असता तर बिचाऱ्याला निदान हसता तरी आलं असतं.

माझं मत विचाराल (न विचारलंत तरी सांगणार आहेच) तर विनोदी फँटसीसाठी संगीतकार निवडताना एकच परीक्षा घ्यावी. कादंबरीतलं सगळ्यात खुळचट पान त्याला वाचून दाखवावं. तो पोट धरून हसला तर माणूस कामाचा. पण हसून झाल्यावर तो म्हणाला, "इथे मी एक गमतीदार बासून टाकतो," तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

बासून म्हणजे ते लांबलचक, घोगऱ्या आवाजाचं लाकडी वाद्य. जाडा माणूस जिना चढायला लागला की हॉलिवुडवाले ते वाजवतात. आपल्याकडे बासून नाही, 'टुंई' आहे. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात नटानं भुवई उचलली की टुंई, पाय घसरला की घस्सर्र, सासू दारात आली की ढँण ढँण ढँण. बँकेत टोकनचा नंबर पुकारावा तसं प्रेक्षकाला हसण्यासाठी पुकारलं जातं. हे आपल्या रक्तात आहे असं मात्र कोणी म्हणू नये. 'गाढवाचं लग्न' या वगात गंधर्व शापानं गाढव होतो आणि ते गाढव राजकन्येशी लग्न लावायचं म्हणतं. विनोदी फँटसी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? पण वगातली ढोलकीची थाप हशा पिकल्यावर पडते, आधी नाही. तमाशातल्या ढोलकीवाल्याला जे कळतं ते लाखो रुपयांच्या मशिनवर बसलेल्या माणसाला का कळू नये, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे.

हॉलिवुडला हे कळलं ते एल्मर बर्नस्टीनमुळे. 'द टेन कमांडमेंट्स', 'द मॅग्निफिसंट सेव्हन', 'द ग्रेट एस्केप' असल्या भारदस्त सिनेमांना संगीत दिलेला हा माणूस. त्याच्या मुलाचा मित्र जॉन लँडिस दिग्दर्शक झाला आणि 1978 साली 'अ‍ॅनिमल हाउस' नावाचा, कॉलेजातल्या वाह्यात पोरांचा, अन्नाची फेकाफेक करणारा सिनेमा घेऊन त्याच्याकडे आला. लँडिसचं म्हणणं एवढंच होतं, की हा विनोदी सिनेमा नाही असं समजून संगीत द्यायचं. बर्नस्टीननं दिलं. पोरं पडद्यावर गाढवपणा करतायत आणि मागे विद्येच्या मंदिराला शोभेल असं गंभीर संगीत चाललंय. लोक हसून बेजार झाले. मग 'एअरप्लेन!' आला, मग 1984 साली 'घोस्टबस्टर्स'. त्यात भुतांसाठी त्यानं ओंद मार्तनो हे जुनं फ्रेंच विजेरी वाद्य वापरलं. त्याचा आवाज ऐकून भूत खरंच आलंय असं वाटतं, आणि म्हणूनच ते पकडायला आलेली माणसं विनोदी वाटतात. याचा परिणाम असा झाला, की आयुष्यभर गंभीर काम केलेल्या या माणसाकडे पुढे लोक विनोदीच सिनेमे घेऊन यायला लागले. त्याबद्दल त्यानं तक्रारही केली. गंभीर चेहऱ्याची माणसं अशीच अडकतात. आमच्याकडे लग्नात हिशेब सांभाळायला एकदा बसवलेला काका पुढच्या सगळ्या लग्नांत हिशेबच सांभाळतो.

'माँटी पायथन अँड द होली ग्रेल'ची गोष्ट याच्या उलटी, आणि म्हणून जास्त बोधप्रद. 1975 सालचा हा सिनेमा राजा आर्थरच्या दंतकथेची यथेच्छ टिंगल करतो. घोडे परवडत नव्हते. म्हणून राजा नुसताच टणाटण उड्या मारत येतो आणि मागून नोकर नारळाच्या करवंट्या आपटून टापांचा आवाज काढतो. संगीत दिलं होतं नील इनिसनं. हा पायथन मंडळींचा घरचाच माणूस, विनोद अंगात मुरलेला. पण सिनेमाला ते संगीत जोडल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की काहीतरी बसत नाहीये. त्याची गाणी ठेवली. पार्श्वसंगीत मात्र बरंचसं काढून टाकलं आणि डी वुल्फ नावाच्या संगीत-भांडारातून मीटरवर कापड घ्यावं तसे तयार तुकडे आणून लावले. ज्या कोणी ते रचले असतील त्यांना करवंट्यांची कल्पनाही नसणार. त्यांनी आपले इमानेइतबारे शूरवीरांसाठी रणवाद्यं वाजवलेली. झालं, काम फत्ते! डोंगरावर धुकं, आभाळ फाटेल अशा तुताऱ्या, आणि धुक्यातून येतोय तो करवंटीवाला. विनोद कळणाऱ्या संगीतकारापेक्षा विनोदाचा पत्ताच नसलेलं संगीत सरस ठरलं.

मात्र यावरून विनोद न कळणाराच संगीतकार घ्यावा असं कोणी ठरवू नये. ते स्वस्त पडतं म्हणून निर्माते लगेच तयार होतील. न कळणारा माणूस एका सिनेमात चुकून जमतो. नेहमी जमायला मार्क नॉफ्लरसारखा कळूनही चेहरा न हलवणारा लागतो.

नॉफ्लरनं ज्या सिनेमात हे जमवलं त्याची मूळ कादंबरी, विल्यम गोल्डमनची 'द प्रिन्सेस ब्राइड', 1973 सालची. ती लिहितानाच त्यानं एक खोडी काढली. हे पुस्तक आपलं नाहीच, एस. मॉर्गनस्टर्न नावाच्या कोणा जुन्या लेखकाचं आहे, आपण फक्त त्यातला कंटाळवाणा भाग गाळून चांगला तेवढा दिलाय, अशी बतावणी केली. मॉर्गनस्टर्न कधी नव्हताच. तरी बऱ्याच वाचकांनी मूळ पुस्तकाचा शोध घेतला, म्हणजे कंटाळवाणा भागही वाचायची तयारी असलेले वाचक जगात आहेत. सिनेमाचे हक्क लगेच विकले गेले, पण स्टुडिओतली माणसं बदलत गेली आणि काम रखडत गेलं. शेवटी गोल्डमननं स्वतःच्या खिशातून पैसे घालून हक्क परत विकत घेतले. रॉब रायनरनं सिनेमा काढून तो लागेपर्यंत 1987 उजाडलं.

आता या गोष्टीची अडचण बघा. तिच्यात खरं प्रेम आहे, खरी तलवारबाजी आहे, बापाच्या खुनाचा सूड घ्यायला आयुष्य घालवलेला एक स्पॅनिश माणूस आहे, आणि त्याच वेळी पानोपानी या सगळ्याची थट्टाही आहे. संगीतानं थट्टेची बाजू घेतली तर प्रेम मेलं. प्रेमाची घेतली तर सिनेमा साखरेत बुडाला. जॉन विल्यम्सवाल्यांनी इथे तुताऱ्या मागितल्या असत्या. रायनर गेला नॉफ्लरकडे. म्हणजे डायर स्ट्रेट्सचा गिटारवाला, डोक्याला पट्टी बांधणारा, ज्याची 'ब्रदर्स इन आर्म्स' ही तबकडी 1985 पासून जगभर घराघरांत वाजत होती. त्यानं 1983 साली 'लोकल हिरो'ला दिलेलं संगीत रायनरला आवडलं होतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावाची ती हळूच हसवणारी गोष्ट, आणि तिच्यामागे कुठलीही घाई नसलेली गिटार. निवड करायची तर अशी करावी. माणूस किती प्रसिद्ध आहे ते बघू नये, तो कुठे गप्प बसतो ते बघावं.

नॉफ्लरनं एक अट घातली. रायनरनं आधी 'धिस इज स्पायनल टॅप' हा रॉक बँडची खिल्ली उडवणारा सिनेमा काढला होता आणि त्यात स्वतः एका दिग्दर्शकाचं काम केलं होतं, डोक्यावर आरमारी टोपी घालून. ती टोपी या सिनेमात कुठेतरी दिसली पाहिजे, तर मी काम करतो, असं नॉफ्लर म्हणाला. मूळ टोपी काही मिळाली नाही. रायनरनं तशी दुसरी पैदा केली आणि आजोबांकडून गोष्ट ऐकणाऱ्या आजारी मुलाच्या खोलीत टांगली. सिनेमात ती दिसते. पुढे नॉफ्लर म्हणाला, मी आपली गंमत केली होती. मानधनाच्या वाटाघाटीत एवढी निर्मळ अट मी दुसरी ऐकलेली नाही. आणि परीक्षेच्या दृष्टीनंही ती महत्त्वाची: या गृहस्थाला विनोद कळत होता, इतका की समोरच्याला पत्ता लागला नाही.

आता खरं बोलायचं तर ते संगीत सगळंच काही अस्सल सोनं नाही. खर्चाला मर्यादा होती. ऑर्केस्ट्राचं बरंचसं काम नॉफ्लर आणि त्याचा साथीदार गाय फ्लेचर यांनी सिंथेसायझरवर भागवलं. कड्यावरची तलवारबाजी बघा. कॅरी एल्विस आणि मँडी पटिंकिन या नटांनी त्यासाठी महिनोन्‌महिने सराव केला, डाव्या हातानं आणि उजव्या हातानं, आणि जवळजवळ सगळी लढत स्वतः केली. सिनेमाच्या इतिहासातल्या उत्तम द्वंद्वांत ती गणली जाते. आणि तिच्यामागे जे वाजतं ते आज ऐकताना गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचा कॅसिओवाला आठवतो. पुढे याच संगीताची पूर्ण वाद्यवृंदासाठी नव्यानं मांडणी करून, समोर सिनेमा आणि खाली वादक, असे कार्यक्रमही झाले. गरज होतीच.

तरीसुद्धा मी नॉफ्लरच्याच बाजूनं आहे. कारण अख्ख्या सिनेमात एकही टुंई नाही. आंद्रे द जायंट हा अवाढव्य कुस्तीगीर पडद्यावर येतो, पण त्याच्यासाठी बासून वाजत नाही. आगीच्या दलदलीत माणसाएवढा उंदीर अंगावर झेप घेतो. उंदराच्या आत माणूस आहे हे शेंबड्या पोरालाही दिसतं, पण संगीताला दिसत नाही. ते खरंच घाबरतं. म्हणून पोरही घाबरतं, आणि घाबरल्याबद्दल लगेच हसतं. वाद्य स्वस्तातलं असलं तरी चालतं. डोळा मारणारं नको.

कादंबरीकारांची एक वाईट खोड इथे सांगायला हवी. त्यांना आवाज फुकटात मिळतो. "आणि मग त्यानं असं गाणं म्हटलं, की डोंगर रडले," असं लिहून लेखक झोपायला जातो. सिनेमा काढायचा झाला की ते गाणं कोणीतरी प्रत्यक्ष करावं लागतं. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांमधली नॅनी ऑग ही चेटकीण दारू चढली की साळिंदरासारख्या एका काटेरी प्राण्याबद्दलचं एक चावट गाणं म्हणते. कुठलं, तर हेजहॉगचं. प्रॅचेटनं ते पूर्ण कधी दिलंच नाही. चाहत्यांनी आपापल्या वकुबाप्रमाणे कडवी रचली. डग्लस अ‍ॅडम्सनं त्याच्याही पुढे जाऊन विश्वातला सगळ्यात कर्कश बँड कल्पिला. त्यांचं संगीत नीट ऐकायचं तर रंगमंचापासून 37 मैलांवर काँक्रीटच्या बंकरमध्ये बसावं लागतं. म्हणजे पुण्यात मिरवणूक आणि श्रोते लोणावळ्यात. डॉल्बीच्या भिंतीजवळून एकदा गेलेल्या माणसाला ही फँटसी वाटणार नाही. पण संगीतकारानं यातून काय घ्यायचं?

प्रॅचेट आणि नील गेमन यांनी 'गुड ओमेन्स'मध्ये तर संगीतकाराची नेमणूकच करून टाकली. त्या कादंबरीत कुठलीही कॅसेट गाडीत पंधरा दिवस राहिली, की ती आपोआप 'क्वीन' या रॉक बँडच्या निवडक गाण्यांची कॅसेट होते. मग ती बाखची असो की आणखी कोणाची. 2019 साली मालिका झाली तेव्हा संगीत दिलं डेव्हिड अर्नल्डनं, ज्यानं आधी पाच जेम्स बाँडपटांना दिलं होतं. आणि गाडीत अर्थातच क्वीन. दुसऱ्याची गाणी मधूनमधून वाजणार हे पुस्तकातच लिहून ठेवलेलं असताना काम घेणाऱ्याचं मन मोठं म्हटलं पाहिजे.

अ‍ॅडम्सनं 'हिचहायकर्स गाइड' या आपल्या अंतराळातल्या विनोदी गोष्टीसाठी स्वतः संगीत निवडलं होतं. 1978 साली बीबीसी रेडिओवर मालिका सुरू झाली तेव्हा ओळखधून म्हणून त्यानं 'ईगल्स' या बँडचा एक वाद्यतुकडा उचलला, कारण अवकाशप्रवासाच्या त्या सुरांत बँजो होता. अंतराळ म्हटल्यावर बँजो सुचणं हीच प्रतिभा. 2005 साली सिनेमा निघाला आणि जोबी टॅलबॉटला काम मिळालं, तेव्हा चाहत्यांनी त्याच्याकडे बघितलं ते बँजो कुठाय या नजरेनं. त्यानं तो दिला. पण त्याची खरी करामत सुरुवातीलाच आहे. पृथ्वी पाडली जाणार हे आधीच कळलेले डॉल्फिन माणसांचा निरोप घेतात, आणि तो निरोप एखाद्या भव्य संगीतिकेच्या थाटात गायला जातो. गाणारे इतके मनापासून गातात की डॉल्फिन खरंच चाललेत याचं वाईट वाटतं.

लेखकाला विचारून संगीत करावं असं म्हणाल तर रोआल्ड डालचं उदाहरण आहे. त्याच्या चॉकलेट कारखान्याच्या गोष्टीवर 1971 साली सिनेमा निघाला, गाणी लेस्ली ब्रिकस आणि अँथनी न्यूली यांची. डालला तो सिनेमा आवडला नाही. त्याचे स्वतःचे पद्यबंध बाजूला ठेवून दुसरीच गाणी घातली होती, हे तर कुठल्याही कवीला झोंबावं. 2005 साली टिम बर्टननं त्याच गोष्टीवर पुन्हा सिनेमा काढला तेव्हा ही चूक सुधारली. डालच्या मूळ ओळींना चाली लावल्या डॅनी एल्फमननं, आणि कारखान्यातल्या बुटक्या उंपा-लुंपांचा अख्खा कोरस एकट्यानं गायला, आपलाच आवाज थरावर थर चढवून. पडद्यावरही सगळे उंपा-लुंपा एकटा दीप रॉयच झालाय. एकाच गळ्याचा जमाव, एकाच चेहऱ्याचा जमाव. तिसऱ्या गटाच्या अभ्यासू मंडळींना माझा इथे सलाम आहे. पण पुढे काय झालं? 2023 साली कारखान्याच्या मालकावरचा 'वोंका' आला, संगीत पुन्हा जोबी टॅलबॉटचं, नवी गाणी नील हॅननची, आणि त्यांच्या जोडीला वाजतात त्या 1971 च्याच चाली. डालला न आवडलेला सिनेमा लोकांनी अर्धं शतक गुणगुणला. लेखकाला विचारावं, चहा द्यावा, आणि त्याचं मत लिहून घेऊन जपून ठेवावं. याहून जास्त काही करू नये.

गोल्डमनची कथा थोडी वेगळी. 'द प्रिन्सेस ब्राइड'वर पुढे अ‍ॅडम गेटल संगीत नाटक करत होता. चाली तयार होत होत्या, आणि पैशाच्या वाटणीवरून सगळं मोडलं. संगीतकार अचूक निवडला तरी हिशेबाचा काका कुठूनतरी येतोच.

सिनेमाचं मात्र नीट पार पडलं. नॉफ्लर तेव्हा विली डेव्हिल या गायकाची 'मिरॅकल' नावाची तबकडी करत होता. तिच्यातलं 'स्टोरीबुक लव्ह' हे गाणं त्यानं सिनेमात घेतलं. चित्रपटाला ऑस्करचं एकमेव नामांकन मिळालं ते याच गाण्याला. बक्षीस 'डर्टी डान्सिंग'च्या गाण्यानं नेलं. हे गाणं येतं सगळं संपल्यावर, नावांच्या पाटीवर. आपल्या थिएटरात त्या वेळी दिवे लागलेले असतात, झाडूवाला आत आलेला असतो आणि प्रेक्षक पार्किंगच्या रांगेत पुढचा नंबर लावायला धावत असतात. संगीतकाराला अख्ख्या सिनेमात संवादांची, घोड्यांची, उंदरांची अडचण नसलेली एवढीच चार मिनिटं मिळतात. तेव्हा कृपा करून ती ऐकून मग उठा. गाडी कुठे जात नाही.